मुलगा म्हणतो, सगळे फेक आहेत

प्रश्न: माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत घर डोक्यावर घेणारा पोरगा गेले काही महिने खोलीचं दार लावून बसतो. क्लासला जातो, जेवतो, पण बोलत नाही. बोललाच तर ‘तुम्ही सगळे फेक आहात’ एवढंच. पाहुणे आले की बाहेर येत नाही. मामेभावाच्या मुंजीत फोटोला उभा राहिला नाही. चौथीतल्या धाकट्या बहिणीशी तेवढा नीट वागतो. परवा त्याच्या उशाशी ‘द कॅचर इन द राय’ नावाचं इंग्रजी पुस्तक सापडलं, जागोजागी पेन्सिलीच्या खुणा केलेलं. मला इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नाही, तरी चाळलं. पानोपानी शिव्या, दारू, सिगारेटी, आणि एका ठिकाणी तर हॉटेलच्या खोलीत बाई बोलावलेली. माझे दीर म्हणाले, हे पुस्तक जवळ घेऊन एका माणसाने जॉन लेननचा खून केला होता, ताबडतोब काढून घ्या. ह्यांचं म्हणणं, वय आहे, होईल ठीक. तसं घरात बाकी काही नाही. मागच्या मार्चमध्ये सासरे गेले, पण याची दहावीची परीक्षा चालू होती, म्हणून आम्ही त्याला झळ लागू दिली नाही. दर रविवारी तो गावी आजोबांना फोन करायचा, त्या रविवारी ‘झोपलेत’ म्हणून वेळ मारून नेली. शेवटचा पेपर झाल्यावर सांगितलं. त्यानेही शहाण्यासारखं घेतलं, रडलासुद्धा नाही. पुस्तक काढून घेऊ का?
एक आई, नाशिक

ताई, नमस्कार.

पुस्तक काढून घेऊ नका. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण न विचारलेली एक गोष्ट तुम्ही ‘तसं घरात बाकी काही नाही’ म्हणता म्हणता लिहून गेला आहात, तिच्यासाठी हे लांबलचक उत्तर.

आधी दिरांचं बघू. त्यांची माहिती खरी आहे. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननला गोळ्या घालणाऱ्या मार्क डेव्हिड चॅपमनजवळ हे पुस्तक होतं, आणि पोलीस आले तेव्हा तो ते वाचत होता. पण १९५१ साली आलेल्या या कादंबरीच्या कोट्यवधी प्रती खपल्या आहेत. अमेरिकेत कित्येक शाळांनी ती अभ्यासाला लावली आणि कित्येक शाळांतून पालकांनी तक्रारी करून ती काढायला लावली. म्हणजे या पुस्तकामुळे झोप उडालेल्या तुम्ही पहिल्या आई नाही. एका खुन्याने त्यात काय वाचलं यावरून त्यात काय आहे हे कळत नाही, आणि पोलिसांच्या नोंदीतून कादंबरी वाचण्यात अर्थ नाही.

शिव्या आहेत, भरपूर आहेत. तुमच्या मुलाने त्याहून जास्त क्लासच्या पार्किंगमध्ये ऐकल्या असतील. हॉटेलातला प्रसंगही आहे. होल्डन कॉलफील्ड हा सोळा वर्षांचा नायक लिफ्टवाल्याच्या सांगण्यावरून मोठेपणा करायला जातो. ती मुलगी खोलीत येते तेव्हा तिच्याशी नुसतं बोलावंसं वाटतं असं त्याच्या लक्षात येतं. ठरलेले पाच डॉलर तो देतो, तर लिफ्टवाला आणखी पाच मागायला येतो, पैसे उकळतो आणि जाता जाता त्याला मारतो. यात चटक लागावी असं काही नाही, वाचून पोटात कालवतं. त्यानंतर होल्डनच्या मनात खिडकीतून उडी टाकायचा विचार येतो. या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे.

आता गोष्ट. होल्डन पेन्सिल्व्हेनियातल्या एका महागड्या निवासी शाळेत आहे. पाचपैकी चार विषयांत तो नापास झालाय आणि शाळेने त्याला काढून टाकलंय. अशी ही त्याची पहिली शाळाही नव्हे. नाताळच्या सुट्टीला अजून काही दिवस आहेत आणि घरी पत्र पोचायचंय. तो शनिवारी रात्रीच शाळा सोडतो, न्यूयॉर्कला येतो, आणि स्वतःच्या घराच्या गावात दोन दिवस परक्यासारखा भटकतो. सगळीकडे त्याला ढोंग दिसतं. शाळेची जाहिरात घ्या. तिच्यात घोडेस्वार कुंपणावरून उडी मारताना दाखवलाय आणि शाळा १८८८ पासून मुलं घडवते असं लिहिलंय. होल्डन म्हणतो, इथे मी कधी घोडा पाहिला नाही.

इथे मी तुमच्या मुलाच्या बाजूने दोन शब्द बोलते, कारण घरात ते कोणी बोललेलं दिसत नाही. नाव एका ज्युनियर कॉलेजात, हजेरी तिथे लागते, शिकणं मात्र क्लासमध्ये. ही व्यवस्था सोळा वर्षांच्या मुलाला सगळी मोठी माणसं मिळून समजावून सांगतात आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. चौकाचौकांत टॉपरांचे फलक लागतात, आणि एकच चेहरा कधीकधी दोन क्लासांच्या फलकावर हसत असतो. तो ‘फेक’ म्हणतो तेव्हा दरवेळी चुकत नाही. त्याला उलट उत्तर देण्याआधी तो कशाला म्हणतोय, एवढं तरी एकदा विचारा.

पण होल्डनच्या चिडण्याच्या तळाशी शाळा नाही. ज्यांना हे पुस्तक आवडत नाही ते बहुतेक तिथेच अडकतात. श्रीमंत घरचं लाडावलेलं पोर किरकिर करतंय, म्हणतात. चिडचिड त्याच्या सगळ्या बोलण्यावर पसरलेली असते, मूळ गोष्ट तो मधेच एकदा, निबंधाच्या निमित्ताने सांगतो.

त्याला ॲली नावाचा भाऊ होता, दोन वर्षांनी धाकटा, तांबड्या केसांचा. १८ जुलै १९४६ रोजी तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्या रात्री तेरा वर्षांचा होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि त्याने मुठीने तिथल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा फोडल्या. मग गाडीच्या काचा फोडायला गेला, पण तोवर हात मोडला होता. ॲलीचा बेसबॉलचा हातमोजा त्याने जपून ठेवलाय. मैदानात उभं असताना वाचायला काहीतरी हवं म्हणून ॲलीने त्या मोजावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. खोलीतल्या मित्राला निबंध लिहून द्यायचा असतो, तर होल्डन या मोजावर लिहितो. मित्राला तो निबंध पसंत पडत नाही, तेव्हा होल्डन तो फाडून टाकतो.

आणखी पुढे, सेंट्रल पार्कात कुडकुडत बसलेला असताना, त्याच्या तोंडून एक गोष्ट निघून जाते. ॲलीच्या अंत्यविधीला तो नव्हता. हाताला लागल्यामुळे इस्पितळात होता. तिथे काय झालं ते त्याला मोठ्या भावाने नंतर सांगितलं. पुढे आईवडिलांबरोबर तो एकदोनदा दफनभूमीत जातो. पाऊस आला की भेटायला आलेली माणसं पळत जाऊन आपापल्या गाड्यांत बसतात, रेडिओ लावतात, कुठेतरी छान जेवायला जातात, आणि ॲली तिथेच राहतो, हे त्याला सहन होत नाही.

ताई, आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य परत वाचा. झळ लागू दिली नाही.

आपल्याकडे हे घरोघर होतं. बोर्डाचा पेपर असतो, गावाहून फोन येतो, वडीलधारी माणसं स्वयंपाकघरात हळू आवाजात ठरवतात आणि मुलाला काही कळू देत नाहीत. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. तुम्हीसुद्धा मनावर दगड ठेवून हसत त्याला डबा दिला असेल. पण त्याच्या बाजूने बघा. रविवारी त्याने फोन केला तेव्हा आजोबा या जगात नव्हते आणि ते झोपलेत असं त्याला सांगण्यात आलं. सांगणारी सगळी त्याच्या सगळ्यात जवळची माणसं होती, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. एवढं झाल्यावर कुणाच्या नेहमीसारख्या आवाजावर त्याने विश्वास का ठेवावा? अग्नी दिला तेव्हा तो नव्हता. कदाचित तेराव्यालाही नव्हता. आणि पेपर मात्र चांगले गेले, त्याबद्दल पेढे वाटले गेले असतील.

शहाण्यासारखं घेतलं म्हणता, त्याचीच मला काळजी वाटते. दुःख करायची घरातल्यांची वेळ तोवर होऊन गेली होती. तुम्ही रडून मोकळे झाला होता. त्याने कुणाबरोबर रडायचं?

म्हणून म्हणते, त्या पुस्तकात त्याला शिव्या सापडल्या नाहीत, माणूस सापडलाय.

आणि त्या पुस्तकात तुम्हीही आहात. होल्डनच्या आईत शोधू नका, ती फार थोडी दिसते. तो रात्री चोरून घरी येतो, दहा वर्षांच्या बहिणीच्या, फीबीच्या खोलीत बसलेला असतो, तेवढ्यात आईवडील पार्टीहून परततात आणि तो कपड्यांच्या कपाटात लपतो. आई खोलीत येऊन फीबीशी बोलते, सिगारेटचा वास कसला म्हणून विचारते, दार लावून जाते. हरवलेला मुलगा तिच्यापासून काही हातांवर उभा असतो. पण मी म्हणते ते हे नव्हे. तुम्ही सापडाल ती होल्डनमध्येच.

फीबी त्याला विचारते, तुला व्हायचंय तरी काय? तो सांगतो, राय नावाच्या धान्याच्या मोठ्या शेतात हजारो लहान मुलं खेळतायत, जवळपास मोठं माणूस कोणी नाही, शेताच्या टोकाला खोल कडा आहे, आणि आपण तिथे उभे आहोत. पळता पळता जे मूल कड्याकडे येईल त्याला धरायचं. दिवसभर हेच काम. पुस्तकाचं नाव यावरून आलंय. भावाला धरता आलं नाही अशा मुलाने बघितलेलं हे स्वप्न आहे. तुम्ही मार्चमध्ये तेच केलंत. पोर पळत कड्याकडे निघालं होतं आणि तुम्ही त्याला धरलंत, निदान पेपर संपेपर्यंत.

पुढे होल्डनला काय दिसतं ते बघा. बहिणीच्या शाळेच्या भिंतीवर कुणीतरी घाणेरडी शिवी लिहून ठेवलीय. लहान मुलांच्या नजरेला पडू नये म्हणून तो ती पुसतो. खालच्या जिन्यात दुसरी असते, ती चाकूने कोरलेली, पुसली जात नाही. जगातल्या असल्या शिव्या जन्मभर पुसत बसलं तरी अर्ध्यासुद्धा पुसून होणार नाहीत, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळतं. शेवटाकडे फीबी बागेतल्या फिरत्या घोड्यांवर बसते. घोडा फिरत असताना मुलं सोनेरी कडी पकडायला वाकतात, पडायची भीती असते. होल्डन बाकावर बसून बघत राहतो, काही बोलत नाही. कडी पकडायची असेल तर पकडू द्यायची, पडली तर पडली, असं त्याचं त्यालाच वाटतं. धो धो पाऊस पडत असतो आणि तो कितीतरी दिवसांनी खूश असतो. शेतात उभं राहून धरायचा नाद त्याने सोडला, असं मी ते वाचते. काही जाणकार याला हार म्हणतात. मला पटत नाही.

हे सगळं लिहिणारा जे. डी. सॅलिंजर काही शाळकरी कुरकुर करणारा नव्हता. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या अमेरिकन सैनिकांत तो होता, होल्डनच्या गोष्टीचा काही मजकूर त्या युद्धात त्याच्याजवळ होता, आणि १९४५ मध्ये लढाईच्या मानसिक ताणामुळे न्यूरेम्बर्गच्या इस्पितळात त्याच्यावर उपचार झाले. कादंबरीत ते युद्ध जवळजवळ नाहीच. एक हातमोजा आहे.

इंग्रजी जड जात असेल तर सगळं वाचू नका. पाचवं, बाविसावं आणि पंचविसावं प्रकरण तेवढं वाचा. मराठीत वाचायचं असेल तर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ घ्या, १९६३ ची. या दोन पुस्तकांची तुलना समीक्षक नेहमी करतात. सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर सगळ्या जगाची टर उडवत असतो, आणि मग त्याची धाकटी बहीण मनी देवीने जाते. ती पानं वाचल्यावर आधीची टर वेगळी ऐकू येते. पांडुरंग शेवटी नापास होऊन गावी परततो, बापाच्या घरात. सोळाव्या वर्षी तोंड फिरवणारी मुलं फक्त अमेरिकेतच होतात असं कुणी म्हणालं, तर त्यांच्या हातात ‘कोसला’ द्यावी. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टी आवडतात म्हणून ‘कोसला’ टाळणारे लोक मला माहीत आहेत. लंपन लोभस आहेच, पण तो वयाने लहान आहे, आणि तुमचा मुलगा आता ते वय ओलांडून गेलाय.

आता बोलायचं कसं. पुस्तकात याचा वाईट नमुना आहे, तो उपयोगी पडेल. होल्डनला एकच मोठा माणूस मनापासून भेटतो, त्याचे जुने इंग्रजीचे मास्तर. ते मध्यरात्री त्याला घरात घेतात, आणि मग बोलतच सुटतात: शिक्षण, परिपक्वता, तू कुठे घसरतोयस. बोलणं वाईट नाही, पण समोरचं पोर दोन दिवस धड झोपलेलं नाही, त्याला जांभया आवरत नाहीत. तुम्ही असं बसून समजावू नका. चहा करताना, गाडीत शेजारी बसलेला असताना, पाच मिनिटांत सांगा. ‘आजोबा गेले तेव्हा तुला सांगितलं नाही, कारण आम्हाला तुझ्या परीक्षेची भीती वाटली. तुझा हक्क होता तो, आम्ही घेतला.’ इतकंच. ‘पण आम्ही तुझ्या भल्यासाठीच’ हे शेपूट लावू नका. ते त्याला माहीत आहे. होल्डनसुद्धा आगगाडीत भेटलेल्या एका वर्गमित्राच्या आईला तिच्या वाह्यात पोराची खोटी तारीफ ऐकवतो, तिला बरं वाटावं म्हणून. मायेपोटी खोटं बोलतात हे तुमच्या मुलाने वाचलंय. पण तुम्ही आपणहून ते कबूल करणं वेगळं.

हे नवऱ्यानेही बोलायला हवं. वडील त्यांचे गेले. ‘वय आहे’ म्हणणाऱ्या माणसाने स्वतः किती रडून घेतलंय, याची मला शंका आहे.

धाकटीकडून बातम्या काढू नका. ‘दादा काय म्हणत होता गं?’ हा प्रश्न एकदा जरी त्याच्या कानावर गेला तर उघडं असलेलं तेवढं एक दारही बंद होईल.

आणखी एक नाजूक गोष्ट. त्या मास्तरांकडे झोपलेला होल्डन जागा होतो तेव्हा ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवत असतात. तो घाबरून रात्रीच तिथून पळतो. लहानपणापासून आपल्याबरोबर असं कितीतरी वेळा झालंय, हे तो एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. मास्तरांच्या मनात काय होतं ते लेखक सांगत नाही. मी तुम्हाला घाबरवत नाही, पण एखादा विशिष्ट नातेवाईक, शिक्षक किंवा मोठा मुलगा आला की तुमचा मुलगा खोलीत जात असेल, तर ते ध्यानात घ्या. मुंजीत तो नेमका कोणाशेजारी उभा राहणार होता, हेही आठवून बघा. सवड बघून साधेपणाने विचारा, आणि तो जे सांगेल त्यावर आधी विश्वास ठेवा.

खिडकीतल्या उडीबद्दल म्हणाले होते. माझ्या मते हे पुस्तक कुणाच्या डोक्यात तो विचार घालत नाही, पण आधीपासून असलेल्या विचाराला सोबत मात्र मिळू शकते. त्याची झोप उलटी झाली असेल, जेवण तुटलं असेल, आवडत्या वस्तू तो वाटून टाकत असेल, अंगावर जखमा दिसत असतील, किंवा ‘मी नसलो तरी चालेल’ अशा अर्थाचं काही बोलला असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. ‘मरावंसं वाटतं का रे तुला?’ असं सरळ विचारता येतं. विचारल्याने तो विचार मनात येतो, हा गैरसमज आहे. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि पालकही फोन करू शकतात. होल्डन शेवटी कॅलिफोर्नियातल्या एका उपचारकेंद्रात आहे आणि तिथून गोष्ट सांगतोय. तिथवर जायला त्याला इतका उशीर झाला, कारण त्या दोन दिवसांत तो डझनभर लोकांना भेटला आणि तू जेवलास का, झोपलास का, हे बहुतेकांच्या ध्यानात आलं नाही.

तुम्ही बोललात की तो लगेच मोकळा होईल असं धरू नका. ‘बरं’ म्हणून उठून जाईल, किंवा दार आपटेल. आपटू द्या. काही दिवसांनी तो अवेळी येऊन प्रश्न विचारील: आजोबा किती वाजता गेले, जवळ कोण होतं, माझं नाव काढलं होतं का, फोनवर झोपलेत म्हणायचं कुणी ठरवलं. यातलं जे तुम्हाला माहीत नसेल ते नवऱ्याला आणि गावाकडे त्या रात्री जे कोणी होतं त्यांना आजच विचारून ठेवा. त्याला बरं वाटावं म्हणून या वेळी काही रचून सांगू नका. आजोबांनी नाव काढलं नसेल तर काढलं नाही म्हणून सांगा.